डोहाचा घास

चैत्र सरत आला होता. रात्रभर वारा पडलेला, आणि सकाळ उजाडली ती अंगाला चिकटतच. आभाळ दोन दिवस झाले भरून होतं. पाऊस पाडायची त्याची नियत नव्हती आणि ऊन पडू द्यायचीही नव्हती. नदीपलीकडं कर्नाटकातली उसाची रानं धुरकट दिसत होती. अलीकडं, होळेवाडीच्या घाटाखाली, भीमा जागच्या जागी उभी होती. हिरवी आणि जाड, घोटलेल्या भाजीसारखी.

शिवलीला घाटाच्या पायऱ्या झाडत होती. आदल्या दिवशीच्या माणसांनी सांडलेले चुरमुरे पायरीपायरीवर पडले होते, त्यांना मुंग्या लागल्या होत्या. ते ती खराट्यानं लोटत खाली नेत होती आणि शेवटच्या पायरीवरून पाण्यात सोडत होती. अन्न आहे, उकिरड्यावर कशाला टाकायचं, मासे खातील, एवढाच तिचा विचार. तीन वर्षं ती असंच झाडत आली होती.

खालच्या पायरीवर तिचा खराटा थांबला. मासे वर आले होते. दोन-चार नव्हेत, ह्या काठापासून त्या खडकापर्यंत पाण्यावर नुसती तोंडंच तोंडं. गोल, उघडी, मिटणारी, पुन्हा उघडणारी. तान्हं पोर दूध ओढताना होतो तसा चुळुक-चुळुक आवाज सगळ्या डोहातून येत होता.

"बघ की गं लीलक्का!" पाठीमागून मायाक्का म्हणाली. पळसाच्या द्रोणांची चवड डोक्यावर घेऊन ती उतरत होती. "आजून चुरमुरं टाकलं बी न्हाईत, आन् ही समदी तोंड वासून तयार. आपल्या सरपंचावानी झालंय ह्येंचं."

"हळू बोल. ऐकंल की त्यो."

"ऐकू दे. त्येला बी एक द्रोण देते."

दोघी हसल्या. गेला आठवडाभर मासे असे पहाटेच वर येत होते. सोलापूरच्या कुणी त्याचा व्हिडिओ काढून सगळीकडं पाठवला होता, आणि तेव्हापासून गर्दी वाढली होती. मासे माणसाची वाट बघतात म्हणे. शिवलीलाला त्याचा मनातून अभिमान होता. गाय माणसाळावी, पोपट माणसाळावा, तसे आपले मासे माणसाळले.

मग मायाक्काचं हसणं मध्येच तुटलं. "त्ये काय गं पांढरं?"

पायरीच्या आडोशाला हातभर लांबीचा एक कटला आडवा तरंगत होता. पोट वर. डोळा उघडा.

होळे म्हणजे कानडीत नदी. नदीकाठची वाडी म्हणून होळेवाडी. गावाखाली भीमेच्या पात्रात काळ्या खडकाची एक आडवी रांग आहे आणि तिच्या अलीकडं खोल डोह. काठावर मल्लय्याचं देऊळ. डोहातले मासे मल्लय्याचे, त्यांना कुणी जाळं लावत नाही. मायाक्काचं घर अंबिगांचं, पिढ्यान् पिढ्या होडी आणि जाळ्यावर जगलेलं, पण तिच्या सासऱ्यानंही जाळं टाकलं ते खडकाच्या खालच्या अंगाला. आणि गावाची एक रीत होती. रोज एका घराची पाळी. त्या घरच्या तव्यावरची पहिली भाकरी देवळात जायची, पुजारी ती कुसकरून डोहात सोडायचा. ह्याला डोहाचा घास म्हणायचे. एक गाव, एक भाकरी, आणि एवढा मोठा डोह.

शिवलीला ह्या गावची नव्हे. ती सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली. बापाची चुरमुऱ्यांची भट्टी होती. तापलेल्या वाळूत तांदूळ फुलताना बघत ती वाढली. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि शेजारच्या विणकरांच्या पोरींबरोबर सागरगोटे खेळता खेळता तेलुगू. बोलायला कुणाच्या बापाला भ्यायची नाही, पण पाण्याला भ्यायची. बारावी झाली आणि कल्लप्पाला दिली. कल्लप्पा मल्लय्याचा पुजारी, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मोजून-मापून. सासूनं पहिल्याच आठवड्यात तिच्या हातावर भाकरी ठेवली आणि म्हणाली, जा, डोहाला घास घालून ये. ती घाबरत घाबरत पाण्यात पाय सोडून बसली, आणि बारक्या माशांनी तिच्या पायाच्या बोटांना लुचायला सुरुवात केली. ती आधी किंचाळली आणि मग इतकी हसली की वर देवळात सासूला ऐकू गेलं. त्या दिवसापासून होळेवाडी तिची झाली.

तीन वर्षांपूर्वी टेंभुर्णीचा अजिनाथ गावात आला. धरणाच्या फुगवट्यात त्याच्या मोटारबोटी चालत. माणसं पक्षी बघायला, फोटो काढायला यायची. उन्हाळ्यात तिकडचं पाणी ओसरलं की बोटी चिखलात बसून राहायच्या. म्हणून त्याला हा डोह हवा होता. ग्रामसभेत त्यानं सगळ्यांना चहा-भजी दिली आणि मोबाईलवर बोटी दाखवल्या. गाव भाळलं. तेव्हा शिवलीला बायकांतून उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "डोहात मोटार घातल्यावर मासं ऱ्हातील व्हय? आन् मासं गेल्यावर मानसं काय अजिनाथरावांचं त्वांड बघायला येतील?" सभा हसली. अजिनाथही हसला, पण त्यानं लगेच विचारलं, "मग वैनी, तुमी काय करनार ते तरी सांगा की."

त्या वेळी तिच्याकडं उत्तर नव्हतं. उत्तर तिला पूर्वेकडं सापडलं. बचत गटाच्या बायकांचा अभ्यासदौरा निघाला होता. नदी जिथं फाटे फुटून समुद्राला मिळते, तिथल्या एका शहरात. तिथल्या बायका वल्ह्याच्या होड्यांतून पाहुण्यांना खाड्या दाखवत. मोटार नाही, प्लास्टिक नाही, पानावर जेवण. एका घाटावर माणसं माशांना लाह्या घालत होती आणि मासे हातातून खात होते. शिवलीलाचं पेठेतलं तेलुगू तिथं कामाला आलं. होडीवाल्या बायांशी ती दिवसभर बोलत बसली आणि परत आली ती डोक्यात सगळं मांडूनच.

नदीला त्रास न देता माणसं बोलवायची. गाडी वेशीबाहेर, चपला घाटाच्या वर, पळसाचे द्रोण, ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, हळू आवाज. आणि प्रत्येकाच्या हातात एक द्रोण चुरमुरे. आपल्या रीतीप्रमाणंच की. गावाचा घास आता पाहुणाही घालील, ह्यात वाईट ते काय? चुरमुरे पेठेतल्या भट्टीतून, धाकटा भाऊ संगमेश पाठवायचा. पहिल्या वर्षी अर्धं पोतं आठवडाभर पुरायचं. आता दिवसाला पुरत नव्हतं. गटातल्या बायांना घर सोडून कुठं मजुरीला जावं लागेना. अजिनाथ गावात यायचा, चहा प्यायचा, डोहाकडं बघायचा आणि जायचा.

आणि उद्या मुंबईचे मोठे साहेब येणार होते. होळेवाडीला आदर्श पर्यटन गाव म्हणून पाटी मिळायची होती. पाटी मिळाली की डोहात मोटार घालायची भाषा कायमची बंद, असं शिवलीलाला ग्रामसेवकानं सांगितलं होतं.

मेलेला कटला दोघींनी गुपचूप वर घेतला. तोवर खडकापाशी आणखी दोन दिसले. कल्लप्पा देवळातून खाली आला. ओल्या पंच्यानं अंग पुसत तो बराच वेळ उघड्या तोंडांकडं बघत राहिला.

"शिवा, शिवा," तो म्हणाला. "उपाशी हायत गं. काल मानसं कमी आली. घास कमी पडला."

"आवं, कमी कुटला? पोतं सपलं की काल."

"मग इतकी त्वांडं का वर? बघ की कशी मागायलीत." त्यानं पंचा खांद्यावर टाकला. "मल्लय्याच्या दारात मुका जीव उपाशी मरतोय, आन् उद्या आपन पाटी घेनार?"

तो वर गेला आणि चुरमुऱ्यांचं आख्खं पोतं खांद्यावर घेऊन आला. शिवलीलानंच त्याची सुतळी सोडली. दोघांनी मिळून ते डोहात ओतलं. पांढरा थर पाण्यावर पसरत गेला आणि त्या थरातून तोंडं तशीच उघडत-मिटत राहिली. एकही मासा चुरमुऱ्याला शिवला नाही.

ते शिवलीलानं पाहिलं.

भुकेलं तोंड घासाला शिवत नाही, असं कसं होईल? माघात सोलापूरच्या कॉलेजातली उर्वीमॅडम पोरं घेऊन आली होती, बाटल्यांत पाणी भरून गेली होती. मोठ्या आदबीनं म्हणाली होती, "शिवलीलाताई, नदी वाहायची थांबली की खायला घालणं बंद ठेवा. पाणी सोडलं की पुन्हा सुरू करा." तेव्हा शिवलीलानं तिला सगळ्यांदेखत उडवलं होतं. "मॅडम, तुमी सुट्टी लागली की जेवायचं बंद करता व्हय?" पोरं खो-खो हसली होती. उर्वीही बिचारी हसली होती.

शिवलीलानं फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "किती दिवस झाले वर येतायत?"

"आठवडा झाला की."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"आमी... जास्त घातलं."

उर्वी गाडी काढून तासाभरात आली. तिनं वायरीला बांधलेलं यंत्र पाण्यात सोडलं, आकडा बघितला, पुन्हा सोडलं. मग यंत्र पुसत पायरीवर बसली.

"ताई, ते भुकेनं वर येत नाहीयेत. श्वासाला येतायत. खालचं पाणी मेलंय. न खाल्लेलं सगळं तळाशी जाऊन कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. ऊन असलं की पाण्यातलं शेवाळ थोडा तरी भरून काढतं. दोन दिवस ऊनही नाही. आता वरचा बोटभर थर तेवढा उरलाय, त्यावर जगतायत."

"म्हंजे आठ दिस झालं..."

"हो."

"आन् आमी म्हनत हुतो, मागायलेत."

उर्वीनं आभाळाकडं बघितलं. "रात्री आणखी कमी होईल. हलवलं नाही हे पाणी, तर पहाटेपर्यंत मोठे मासे राहणार नाहीत. मोठे आधी जातात."

शिवलीलाला ती पूर्वेकडची होडीवाली आठवली. काळीसावळी, नाकात दोन चमक्या. लाह्या बघून शिवलीलानं तिला विचारलं होतं, एवढ्यानं पाणी घाण होत नाही का? ती हसून म्हणाली होती, समुद्र दिवसातून दोनदा वर येतो बाई, आणि जाताना सगळं घेऊन जातो. शिवलीलानं ते ऐकलं होतं. समजलंही होतं, शब्द न् शब्द. फक्त आपल्या डोहाशी जोडून बघितलं नव्हतं. तिथं समुद्र धुऊन नेतो. इथं कोण येतंय? वरून धरणाचं पाणी सोडतील तेव्हा. ते सोलापूरच्या पिण्यासाठी, आणि ते कधी सुटेल हे सोलापूरलाही माहीत नसतं.

देवळाच्या मंडपात गटाच्या बायका जमल्या. शिवलीलानं सगळं सांगितलं. आज माणसं परत पाठवायची, चुरमुरे बंद, आणि उद्या साहेबांना जे झालं ते सांगायचं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

मायाक्काच बोलली. "लीलक्का, बंद कर की. कोन नगं म्हनतंय? पर परवापासनं. उद्याचा एक दिस जाऊ दे. मेलेलं मासं मी पहाटं उठून काडते, पुरून टाकते, कुनाला वास बी लागायचा न्हाय. सायेब येतील, भाकरी खातील, पाटी दितील, जातील."

"आन् त्येंच्या हातात द्रोन?"

"द्यायचा एकेक. एकेका द्रोनानं काय व्हतंय?"

"तसंच म्हनत म्हनत हितवर आलो की गं!"

शिवलीलाचा आवाज इतका चढला की मंडपातले पारवे उडाले. मायाक्काचा चेहरा उतरला. "माझ्यावर कशाला वराडतीस?" ती म्हणाली. "चुरमुरं काय माझ्या म्हायेरनं आलं व्हय?"

कुणी हसलं नाही. शिवलीला खाली बघत राहिली. बोलणं लागलं होतं, आणि खोटं नव्हतं. एरवी अशा वेळी ती दोन दिल्याशिवाय राहिली नसती.

कल्लप्पा गाभाऱ्याच्या दारातून ऐकत होता. "साकु," तो कानडीत म्हणाला. पुरे. एवढंच.

मग पाणी हलवायचं कसं ह्याची धावाधाव सुरू झाली. पंपानं पाणी ओढून उंचावरून परत डोहात पाडायचं, असं उर्वीनं सांगितलं. काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी होत्या, पण शेतीची लाइन ह्या आठवड्यात रात्रीची होती, आणि तीही आली तर. जुनं डिझेलचं इंजिन एकाच्या गोठ्यात होतं. ते उघडलं तर आत चिमण्यांनी घरटं केलेलं. पोरांनी बादल्या आणल्या, पाणी उपसून पुन्हा फेकायला लागली. डोहापुढं बादली ती काय.

"हालवनारं एकच हाय गावात," मायाक्का पुटपुटली. रागावलेली होती तरी गेली नव्हती. "त्या चिंचंखाली ट्रॉलीवर ठिवलंय बघ."

चिंचेखाली अजिनाथची बोट उभी होती. उद्या साहेबांना दाखवायला म्हणून तो कालच घेऊन आला होता, निळ्या ताडपत्रीखाली, नवी कोरी. शिवलीलानं उर्वीकडं बघितलं. उर्वी घुटमळली. "चालेल," ती म्हणाली, "पण फक्त मधल्या खोल पाण्यात. काठाला आणली आणि गाळ उठला तर उलटंच होईल."

शिवलीला चिंचेकडं गेली. ते अंतर काही फार नव्हतं, पण सगळं गाव तिच्याकडं बघत होतं हे तिला पाठीला जाणवत होतं. अजिनाथ ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसला होता. तिला येताना बघून उठला, टोपी नीट केली.

"या वैनी. मासं मरायलेत म्हनं. लई वाईट झालं."

"तुमची बोट पायजे."

चिडवायचं त्याच्या तोंडावर आलेलं दिसत होतं; त्यानं ते गिळलं. मग मात्र राहवलं नाही. "मोटारीनं मासं मरतील म्हनला हुता तुमी. भर सभंत."

"म्हनले हुते. आन् मोटार न घालता मी मारलं. झालं समाधान?"

अजिनाथनं मान खाली घातली. हे उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं. "तसं न्हवं वैनी. माझी बी पोरंबाळं हायत. तिकडं बोटी चिखलात हायत चार म्हयनं, चालवनारी पोरं सेंटरिंगच्या कामाला जायलीत." त्यानं ताडपत्रीची दोरी हातात घेतली, पण सोडली नाही. "बोट घालतो. आत्ता घालतो. पर उद्या सायबांनी इचारलं की मोटारबोटीला गावाची हरकत हाय का, तर तुमी उठून बोलायचं न्हाय. बास, येवढंच."

शिवलीलानं मागं बघितलं. घाटावर उर्वी पुन्हा यंत्र पाण्यात सोडत होती. इतक्या लांबून तोंडं दिसत नव्हती, पण तो आवाज तिच्या कानातून जात नव्हता. सकाळी तोच तिला दूध ओढणाऱ्या पोराचा वाटला होता.

"न्हाय बोलनार," ती म्हणाली. "पर मासं कशानं मेलं, ते मी सांगनार. आन् बोट फिरवून वाचलं तर ते बी सांगीन. सोडा दोरी."

अजिनाथनं दोरी सोडली.

मायाक्कानं नवऱ्याला हाक मारली, दहा-बारा माणसं लागली आणि बोट घाटाच्या वरल्या अंगानं पाण्यात उतरली. मोटार सुरू झाली तेव्हा देवळातल्या पारव्यांचा थवाच्या थवा उठला. हिरवं पाणी फाटलं, त्याखालून काळं वर आलं, कुजक्या भाताचा वास गावभर पसरला. बायकांनी नाकाला पदर लावले. पोरं मात्र ओरडत होती, "काका, येक चक्कर! येक चक्कर आमास्नी!" कुणीतरी शीळ घातली. ह्या घाटावर तीन वर्षांत कुणी शीळ घातली नव्हती; घातली असती तर शिवलीलानं त्याला हाताला धरून वर काढलं असतं. आज ती गप्प उभी होती.

बोट मधल्या पाण्यात गोल गोल फिरत राहिली. मधेच संगमेशचा फोन आला. पेठेतून टेंपो निघाला होता, उद्यासाठी जास्तीची पोती घेऊन.

"तम्मा, टेंपो परत फिरव," ती म्हणाली.

"अक्का, येडी का खुळी? रात्रभर भट्टी चालवलीय."

"फिरव म्हनते न्हवं!" आणि मग हळू आवाजात, "नंतर सांगते. तुझं काय चुकलं न्हाय."

ऊन शेवटपर्यंत पडलं नाही. पण दिवस कलता कलता थोडा वारा सुटला, पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या. उर्वीनं यंत्र पुन्हा सोडलं आणि आकडा बघून मान हलवली. चांगलं नाही, पण सकाळपेक्षा बरं. उघडी तोंडं विरळ होत गेली. कुठं कुठं मासा बुडी मारून खाली जाताना दिसायला लागला. मेलेल्यांची रास मात्र घाटाच्या कडेला वाढली होती. त्यांच्यात एक म्हातारा रोहू होता, एक कल्ला अर्धवट फाटलेला. त्याला गावातली पोरंसुद्धा ओळखायची. मायाक्कानं त्याच्यावर भस्माची चिमूट टाकली आणि कुणाशी न बोलता त्याला टोपलीत घेतला.

"रात्री जितकी चालवता येईल तितकी चालवा," उर्वी अजिनाथला म्हणाली. शिवलीलाला म्हणाली, "पहाटेपर्यंत तगले तर मासे वाचतील. मी उद्या सकाळी येते. साहेबांना सांगताना मी बरोबर उभी राहीन."

"उभं ऱ्हा," शिवलीला म्हणाली. "त्या दिशी तुमाला हासले मी."

"मला आठवतही नाही."

आठवत होतं, हे दोघींनाही कळत होतं.

घरी आली तर कल्लप्पा सोप्यात बसला होता, नदीकडं पाठ करून. मोटारीचा आवाज इथंही येत होता. तिनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. त्यानं तो उचलला नाही.

"उद्या सायबास्नी काय सांगनार?"

"खरं ते."

"मग पाटी न्हाय."

"न्हाय."

"आन् ह्यो आवाज रोज."

"रोज न्हाई तर आडदिसानं. मासं ऱ्हायलं तर ऱ्हायलं. एवढंच आता आपल्या हातात हाय."

कल्लप्पा म्हणाला, "आन् डोहाचा घास? त्यो बी बंद?"

तिला ह्या प्रश्नाची दिवसभर भीती होती. एक भाकरी. एका भाकरीनं डोह मेला नव्हता, कित्येक पिढ्या मेला नव्हता. पण आत्ता त्या पाण्याला एक भाकरीसुद्धा जड होती. "धरनाचं पानी यीस्तवर," ती म्हणाली. "तवर नगं."

"दुष्काळात आमच्या घरात रेशनची मिलो जवारी खाऊन मानसं जगली. तवा बी घास थांबला न्हवता. माझ्या हातानं थांबायचा व्हय?"

"माझ्या हातानं थांबंल. चुरमुरं मी सुरू केलं, आता समदं मीच थांबवते. तुमी देवाला तसं सांगा."

"देवाला काय सांगू? तू सांग."

तो उठून देवळाकडं गेला. दिवा लावायची वेळ झाली होती. तो रागानं गेला की कामाला गेला, तिला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही. तांब्या तसाच राहिला.

खाली नदीवर मोटारीचा आवाज एकसारखा चालू होता, मध्येच पोरांचा कालवा. साहेब पाटी देवोत न देवोत, उद्या माणसं दुपारी जेवायला बसणार होती, आणि गटात एकेका पदार्थाचं घर ठरलेलं असायचं; ह्या खेपेला वरण शिवलीलाच्या घरचं होतं. तिनं डब्यातली तूरडाळ सुपात ओतली, उजेडासाठी दारात सरकून बसली आणि खडे वेचायला लागली.